पिकअप उंच करायचीय? आधी टायर ठरवा, मग लिफ्ट

पिकअपला लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंच करायचा सस्पेन्शनचा संच, बसवायचं म्हटलं की बहुतेक जण पहिला प्रश्न हाच विचारतात, किती इंचाचं घेऊ, २ की ४ की ६? माझ्या मते सगळा घोळ इथूनच सुरू होतो. सस्पेन्शन लिफ्टने चासी (गाडीचा सांगाडा) आणि बॉडी वर जाते, पण मागचा ॲक्सल (दोन चाकांना जोडणारा दांडा) आणि त्याच्या मधोमध असलेला डिफरन्शिअलचा (दोन्ही चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरचा) गोळा जमिनीपासून जेवढा होता तेवढाच राहतो, कारण तो स्प्रिंगच्या खाली आहे, थेट चाकांना जोडलेला. म्हणजे ६ इंचाचं किट लावलंत तरी चाकोरीच्या मधला जो दगड आधी त्या गोळ्याला घासायचा तो आताही घासणारच. बंपर न घासता चढण घेता येणं, पोटाखालची जागा हे फायदे लिफ्टचे आहेतच, ते मी नाकारत नाही, पण मागचा गोळा वर उचलायचा तर मोठा टायरच लागतो आणि लिफ्टचं मुख्य काम म्हणजे त्या टायरला मडगार्डच्या आत फिरायला जागा करून देणं. (पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन असेल, म्हणजे दोन्ही चाकं स्वतंत्र वर-खाली होत असतील, तर पुढचा डिफरन्शिअल चासीला बोल्ट केलेला असतो, तो लिफ्टबरोबर वर जातो खरा, पण मोठ्या किटमध्ये ब्रॅकेट लावून त्यालाच परत खाली आणतात.)

म्हणून आधी टायरचं गणित. टायरवर २६५/७० आर १७ लिहिलंय समजा. २६५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ७० टक्के म्हणजे साधारण १८६ मिलिमीटर साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची, ती वर एकदा आणि खाली एकदा, मध्ये १७ इंचाची रिम म्हणजे ४३२ मिलिमीटर. सगळं मिळून ८०३ मिलिमीटर, साडेएकतीस इंचाच्या किंचित वर. आता ३५ इंची टायर घेतला तर तो होतो ८८९ मिलिमीटर. फरक ८६ चा, पण ॲक्सल वर जाणार त्याच्या निम्मा, ४३ मिलिमीटर, कारण व्यासातली निम्मी वाढच चाकाच्या सेंटरच्या खाली येते. इतका मोठा टायर लावून हाती पावणेदोन इंच, तेही छापील आकड्यावर, गाडीच्या वजनाखाली टायर थोडा दबतोच. २८५/७० आर १७ घेतला, ज्याला सगळे ३३ इंची म्हणतात, तर ॲक्सल फक्त १४ मिलिमीटर वर.

मग मोठ्या टायरचा फायदा काय एवढाच? नाही, खरा फायदा हवेच्या प्रेशरमध्ये आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. रुंद टायर म्हणजे जमिनीला जास्त रबर टेकतं असं सगळ्यांना वाटतं, पण टेकणारं क्षेत्रफळ मुख्यतः दोनच गोष्टींवर ठरतं, चाकावरचं वजन आणि आतली हवा. एका चाकावर ६०० किलो आहेत आणि प्रेशर ३५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) आहे तर जमिनीला टेकलेला पट्टा साधारण २४४ चौरस सेंटिमीटरचा असतो, टायर अरुंद असो की रुंद, फक्त पट्ट्याचा आकार बदलतो. साइडवॉल स्वतः थोडं वजन पेलते म्हणून आकडा अगदी तंतोतंत नसतो, पण हिशोब हाच. हवा १८ पीएसआयवर आणा, तोच पट्टा ४७० च्या पुढे जातो, म्हणजे जवळपास दुप्पट, आणि तो मुख्यतः लांबीत वाढतो. वाळूत आणि मऊ मातीत ही लांबी कामाला येते, चाक कमी रुततं. आता इतकी हवा काढल्यावर रिम दगडावर आपटू नये म्हणून उंच साइडवॉल हवी, आणि इथे मोठा टायर आपली किंमत वसूल करून देतो. १७ च्या रिमवर ३५ इंची टायरची साइडवॉल २२९ मिलिमीटर भरते. पण लोक काय करतात, टायर ३५ चा आणि दिसायला भारी म्हणून रिम २० ची, मग साइडवॉल उरते १९० मिलिमीटर, म्हणजे कंपनीच्या जुन्या टायरएवढीच! टायरची उंची वाढवली आणि त्याचा सगळ्यात मोठा फायदा रिमला देऊन टाकला. मला हे बघवत नाही. कच्च्या रस्त्यासाठी घेत असाल तर ब्रेक कॅलिपरवरून (ब्रेकच्या डिस्कला पकडणाऱ्या भागावरून) बसेल इतकी छोटी रिम ठेवा. आणि हवा काढली की वेग कमी ठेवायचा, वळण हळू घ्यायचं, डांबरी रस्त्यावर येण्याआधी परत भरायची, नाहीतर टायर तापतो किंवा रिमवरून निसटतो.

आता या मोठ्या टायरचं बिल. व्यास ८०३ चा ८८९ झाला म्हणजे चाक प्रत्येक फेरीत १०.७ टक्के जास्त अंतर कापतं. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १११ च्या आसपास पळत असेल. आणि इंजिनचा टॉर्क तोच असल्यामुळे जमिनीवर मिळणारा जोर १० टक्क्यांनी कमी, म्हणून चढावर गिअरबॉक्स सारखा खालच्या गिअरला येतो, तापतो, गाडी डिझेल जास्त पिते. ॲक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेरीला इंजिनकडून येणाऱ्या शाफ्टच्या किती फेऱ्या) ३.७३ असेल तर पहिल्यासारखी ओढ परत यायला ४.१३ लागेल, बाजारात ४.१० चा गिअर सेट मिळतो, तो खर्च ३५ इंचीच्या खर्चातच धरायचा, नंतर बघू म्हणू नका. ब्रेकचंही तेच, पेडल तेवढंच दाबलं तर जमिनीवरचा रोध १० टक्के कमी. वर मोठे जाड टायर एका चाकामागे ८-१० किलो सहज वाढवतात आणि हे वजन साधं वजन नाही, ते बहुतेक परिघाजवळ असतं, म्हणजे त्याला पुढेही न्यायचं आणि गोलही फिरवायचं, त्यामुळे वेग घेताना आणि थांबवताना ट्रेडवरचा १ किलो जवळपास २ किलोसारखा वागतो.

टायर ठरला की मग लिफ्ट, आणि त्या टायरला पुरेल इतकीच, वर एक इंचही नको. कारण प्रत्येक इंचाबरोबर कोन बदलतात. पुढच्या इंडिपेंडंट सस्पेन्शनमध्ये शॉकअप (धक्के शोषणारा दांडा) आणि स्प्रिंग खालच्या आर्मच्या (चाकाला धरणाऱ्या लोखंडी हाताच्या) साधारण मधे टेकतात, म्हणून वर ३० मिलिमीटरचा स्पेसर (मधे घालायची जाड चकती) टाकला तर चाकाजवळ गाडी ५०-६० मिलिमीटर उचलली जाते, हे माहीत नसल्याने लोक लागतो त्याच्या दुप्पट स्पेसर मागवून बसतात. स्पेसर स्वस्त आहे पण शॉकअपची एकूण चाल तीच राहते, तो नुसता खाली सरकतो. चाक पूर्ण खाली लटकलं की आर्म आणि बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा सांधा) आपल्या हद्दीबाहेर जातात, एखादा वरचा आर्म स्प्रिंगला टेकतो, सीव्ही जॉइंट (चाकाला जोर पोचवणाऱ्या शाफ्टचा सांधा) इतक्या तिरप्या कोनात फिरतो की त्याचं रबरी बूट घडीवर घासून फाटतं, ग्रीस उडतं, धूळ आत जाते आणि जॉइंट कटकट आवाज करायला लागतो. दोन इंचांच्या आसपास हे सांभाळता येतं, त्यापुढे लांब शॉकअप, बदली वरचे आर्म असं पूर्ण किट हवं. चाकाचा कॅस्टर कोनही (स्टिअरिंगचा अक्ष बाजूने बघता जितका मागे कललेला असतो तो) कमी होतो, मग वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही, म्हणून लिफ्टनंतर अलाइनमेंट करायलाच हवं.

मागे कमानपाटे असतात. ॲक्सल आणि पाट्यांच्या मधे ठोकळा घातला की काम झालं असं वाटतं, पण ठोकळा उंच तितकी ॲक्सलला जोर देताना पिळवटायची संधी जास्त. ठोकळ्यावर ठोकळा कधीही नको. जास्त वाकाचे नवीन पाटे त्यापेक्षा कितीतरी बरे. शिवाय प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या ॲक्सलला जोर नेणाऱ्या लांब दांड्याचा) उतार वाढतो, आणि त्याच्या टोकाचा सांधा, यू-जॉइंट, तिरपा झाला की तो एकसारख्या वेगाने फिरवत नाही, दर फेरीत दोनदा पुढे-मागे होतो, १० अंशाला दीड टक्का, २० अंशाला सहा टक्के. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तर एकाची चूक दुसरा भरून काढतो, नसले तर ठराविक वेगाला फरशीतून थरथर येते, लोक चाकं बॅलन्स करत बसतात आणि दोष असतो शाफ्टच्या कोनात. पाट्याखाली पाचर देऊन तो सुधारता येतो.

स्प्रिंगबद्दल एक सांगतो. कॉइल स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो, १४ मिलिमीटरची तार १५ केली तर बाकी सगळं तेच ठेवूनही स्प्रिंग ३२ टक्के कडक होते. म्हणून पुढे विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) आणि लोखंडी बंपर कायमचा नसेल तर हेवी स्प्रिंग घेऊ नका, रिकामी गाडी खड्ड्यात उड्या मारेल आणि चाक हवेत असताना कसली पकड.

उलटण्याचा हिशोबही करून बघा. दोन चाकांमधलं अंतर १.६५ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ७२ सेंटिमीटरवर असेल तर निम्मं अंतर भागिले उंची हे गुणोत्तर १.१५ येतं. अमेरिकेची एनएचटीएसए ही संस्था गाड्यांच्या उलटण्याचा धोका याच गुणोत्तराने मोजते. टायर आणि लिफ्ट मिळून गुरुत्वमध्य १० सेंटिमीटर वर गेला की ते १.०१ होतं. एवढा फरक अचानक स्टिअरिंग वळवताना नक्की जाणवतो, आणि कंपनीने बसवलेलं स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडीचा ताबा सुटू नये म्हणून असलेली यंत्रणा) जुनीच उंची धरून चालत असतं.

टायर घासतो का हे गाडी सपाट जागी उभी असताना कळत नाही. पुढची स्प्रिंग काढून जॅकने चाक पूर्ण वर, बंप स्टॉपपर्यंत (सस्पेन्शनची वरची चाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत) न्या आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघा, मागच्या बाजूला बॉडीच्या कोपऱ्याला आणि आत आर्मला किती फट राहते ते. कमी ऑफसेटची, म्हणजे चाक जास्त बाहेर काढणारी, रिम आतली फट वाढवते पण बाहेर टायरचा घेर मोठा करते, मग तोच टायर बंपरला लागतो, बेअरिंगवरचा भारही वाढतो. थोडं घासत असेल तर लिफ्ट वाढवण्याआधी बंप स्टॉप लांब करणं हा जास्त शहाणा उपाय आहे.

मला विचाराल तर रोज वापरायच्या आणि अधूनमधून कच्च्यात न्यायच्या पिकअपला ३३ इंची टायर आणि दोनेक इंचाची चांगली शॉकअपसकट लिफ्ट भरपूर झाली. टायरचा लोड इंडेक्स (एका टायरला किती वजन झेपतं ते सांगणारा आकडा) जुन्यापेक्षा कमी नको, ११३ म्हणजे ११५० किलो, १२१ म्हणजे १४५० किलो, हा आकडा साइजच्या पुढेच छापलेला असतो. स्टेपनी त्याच मापाची घ्या आणि ती तिच्या जागी बसते का ते आधी बघा. आणि गाडी गॅरेजमधून बाहेर काढण्याआधी हेडलाइट खाली ॲडजस्ट करून घ्या, पुढची बाजू उचलल्यावर तो झोत थेट समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यात जातो.