फ्यूज जळाला की नाही : जेडेक फाइलची पार्श्वभूमी

लॉजिक चिप, म्हणजे शून्य-एकवरून निर्णय घेणारी चिप, प्रोग्रॅम करणे म्हणजे सुरुवातीला शब्दशः फ्यूज उडवणेच होते. सिग्नेटिक्सची १९७५ची ८२एस१०० घ्या, नाहीतर मोनोलिथिक मेमरीजची १९७८ची पाल (पीएएल) ही चिप. कोऱ्या चिपमधले सगळे दुवे, म्हणजेच फ्यूज, शाबूत असत. नको असलेले दुवे प्रोग्रॅमर यंत्र जादा विद्युतदाब देऊन जाळून टाकी. जॉन बर्कनर आणि एच. टी. चुआ यांच्या पालमध्ये ‘अँड’ची (सगळ्या अटी पुऱ्या झाल्या तरच एक) बाजू तेवढी आपल्या हातात, ‘ऑर’ची (एखादी पुरी झाली तरी एक) आधीच पक्की. तिच्या १६एल८ या प्रकारात ६४ ओळी, ३२ स्तंभ, म्हणजे २०४८ फ्यूज.

एवढे निर्णय यंत्राला सांगायचे कसे? मेमरी चिपसाठी इंटेल हेक्स हे फाइलचे स्वरूप होते, पण तिथे सगळा हिशेब बाइटचा. इथे प्रत्येक फ्यूज स्वतंत्र. शिवाय लॉजिकच्या समीकरणांवरून कोणते फ्यूज जाळायचे ते ठरवणारे सॉफ्टवेअर एकाचे आणि यंत्र दुसऱ्याचे असले, तर दोघांना समजेल अशी भाषा हवी. जेडेक या इलेक्ट्रॉनिक्सची मानके ठरवणाऱ्या संस्थेचे तिसऱ्या क्रमांकाचे मानक त्यासाठीच आले; त्याप्रमाणे लिहिलेली ती जेडेक फाइल. त्याची सी आवृत्ती १९९४ची.

फाइल साध्या मजकुराची. ‘क्यूएफ’ने एकूण फ्यूज सांगायचे, ‘एल’पुढे फ्यूजचा क्रमांक आणि मग शून्य-एकची रांग: शून्य म्हणजे दुवा शाबूत, एक म्हणजे तुटलेला. प्रत्येक नोंद तारांकनाने संपते. आरंभ आणि शेवट दाखवणारी दोन अदृश्य चिन्हे दूरसंदेशाच्या काळातली आहेत, कारण फाइल सिरियल केबलवरून यंत्राकडे जाई. वाटेत एखादे अक्षर बिघडले तर कळावे म्हणून चेकसम, म्हणजे पडताळणीची बेरीज.

मला सगळ्यात मोलाच्या वाटतात त्या ‘व्ही’च्या ओळी, टेस्ट व्हेक्टर. कोऱ्या चिपमध्ये तुमचे लॉजिक नसतेच, मग ते कारखान्यात तपासणार कसे? फ्यूज जळाला, एवढ्यावरून चिप बरोबर चालेल असेही नाही. म्हणून प्रत्येक पिनसाठी एक अक्षर: शून्य किंवा एक म्हणजे द्यायची पातळी, ‘एच’ किंवा ‘एल’ म्हणजे अपेक्षित उत्तर, ‘सी’ म्हणजे क्लॉकचा ठोका. चिप घडवायची कृती आणि तिची परीक्षा एकाच फाइलमध्ये! याहून शहाणी रचना मला तरी माहीत नाही.

१९८५ मध्ये लॅटिस कंपनीने गॅल (जीएएल) ही पालसारखीच चिप आणली. ती विजेनेच पुसता येई, जळणारे फ्यूज गेले. फाइलमध्ये शब्द मात्र तोच राहिला. गॅल १६व्ही८च्या फाइलमध्ये असे २१९४ ‘फ्यूज’ मोजतात. त्याच वर्षी झायलिंक्सची पहिली एफपीजीए, म्हणजे हवी तशी जुळवता येणारी मोठी लॉजिक चिप, आली आणि तिच्यासोबत तिची फाइल, बिटस्ट्रीम, ज्यातल्या प्रत्येक बिटचा अर्थ कंपनीने उघड केला नाही. हे नुकसान मोठे होते.

जेडेक फाइल आजही कामाची आहे. जुन्या यंत्रातली पाल मेली आणि तिची फाइल कुणी जपून ठेवली असेल, तर ती रूपांतरित करून गॅलमध्ये भरता येते. फाइल नसेल, तर दुसऱ्या चालू पालमधून फ्यूज वाचून घेता येतात, मात्र तिचा सुरक्षा-फ्यूज, जो उडवला की वाचन बंद होते, कुणी उडवलेला नसावा.