आईस्क्रीम की फ्रोझन डेझर्ट? डबा उलटा करून बघा

दोन्ही डबे एकाच फ्रीजरमधून निघतात. दोन्हींवर आंब्याची रसरशीत फोड छापलेली असते, दोन्हींवर शाकाहाराची हिरवी खूण असते आणि किमतीतला फरकही पुष्कळदा डोळ्यांत भरण्याइतका नसतो. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, "वहिनी, सगळं आईस्क्रीमच आहे." तो फसवत नसतो. बोलताना आपणही सगळ्यालाच आईस्क्रीम म्हणतो. डब्यावर मात्र एकावर 'आईस्क्रीम' लिहिलेलं असतं आणि दुसऱ्यावर, बहुतेक वेळा बारीक अक्षरांत, 'फ्रोझन डेझर्ट'. ही नावं कंपनीने हौसेने निवडलेली नसतात. कायद्याच्या लेखी हे दोन वेगळे पदार्थ आहेत.

आईस्क्रीममधला स्निग्धांश दुधाचाच असावा लागतो. फ्रोझन डेझर्टमध्ये तो खाद्यतेलाचा किंवा वनस्पतिजन्य फॅटचा असला तरी चालतो. खरा फरक एवढाच, पण तो ध्यानात ठेवला की पुढचे बरेच गोंधळ आपोआप मिटतात.

एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमांनुसार नुसतं 'आईस्क्रीम' म्हणायचं तर दुधाचा स्निग्धांश किमान 10 टक्के हवा. तो 2.5 टक्क्यांच्या वर पण 10 च्या खाली असेल तर 'मीडियम फॅट आईस्क्रीम' आणि 2.5 किंवा त्याहून कमी असेल तर 'लो फॅट आईस्क्रीम' असं लिहावं लागतं. फ्रोझन डेझर्टच्या पायऱ्याही अशाच आहेत, फक्त तिथे एकूण फॅट मोजतात आणि ते कशापासून आलं याची मोकळीक असते. प्रत्यक्षात ते बहुतेक पामतेलाचं किंवा खोबरेल तेलाचं असतं.

कंपन्या तेलाकडे का वळतात, हे समजून घेण्यासारखं आहे. दुधाचा स्निग्धांश तेलापेक्षा बराच महाग पडतो. शिवाय आपल्याकडे गाईम्हशी थंडीत जास्त दूध देतात आणि उन्हाळ्यात दूध आटतं. आईस्क्रीमची मागणी मात्र नेमकी उन्हाळ्यातच वाढते. तेलाला असला ऋतू नसतो. त्यामुळे कारखान्याच्या हिशेबाने फ्रोझन डेझर्ट सोयीचं आहे, आणि स्वस्त विकलं गेलं तर गिऱ्हाइकाच्या हिशेबानेही त्यात काही गैर नाही. माझा आक्षेप एवढाच आहे, की आईस्क्रीमचे पैसे मोजून आपण काय घरी आणलं हे आईला ठाऊक असायला हवं.

यात एक गैरसमज खरोखर त्रासदायक ठरू शकतो. फ्रोझन डेझर्टमध्ये तेल असतं म्हणजे दूध नसेल, असं पुष्कळजणी धरून चालतात. मीही धरलं होतं. माझ्या नणंदेच्या मुलाला दूध पचत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो राहायला आला, तेव्हा इतर मुलांबरोबर त्यालाही काहीतरी गार मिळावं म्हणून मी मुद्दाम फ्रोझन डेझर्ट आणलं. तासाभरात त्याचं पोट गच्च झालं, मग जुलाब. रात्री डबा पुन्हा काढून मागची बाजू वाचली, तर घटकांमध्ये दुसऱ्याच क्रमांकावर 'मिल्क सॉलिड्स' होतं. फ्रोझन डेझर्टमधून सहसा फक्त दुधाचा स्निग्धांश वगळलेला असतो. दूध पावडरीच्या रूपाने दुधातली साखर आणि प्रथिनं बहुतेकदा तिथे असतातच. ज्या मुलाला दूध पचत नाही किंवा दुधाची ॲलर्जी आहे, त्याच्यासाठी ही दोन नावं सारखीच धोक्याची आहेत. त्याच्यासाठी डब्यावर 'कंटेन्स मिल्क' ही सूचना आहे का ते बघायचं. फळांचा रस गोठवलेली कांडीसुद्धा वाचूनच घ्यायची.

दुसरा गैरसमज याच्या उलट टोकाचा आहे: फ्रोझन डेझर्ट म्हणजे डालडा. 2017 मध्ये अमूलच्या जाहिरातींनी फ्रोझन डेझर्टचा संबंध वनस्पती तुपाशी जोडला, तेव्हा हिंदुस्थान युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि त्याच वर्षी जूनमध्ये न्यायालयाने त्या जाहिराती थांबवायला सांगितल्या. वनस्पती तूप म्हणजे हायड्रोजनची प्रक्रिया करून घट्ट केलेलं तेल. पाम आणि खोबरेल तेल मुळातच थंडीत गोठतात, त्यांना त्या प्रक्रियेची गरज नसते. त्यामुळे सगळ्याच फ्रोझन डेझर्टला डालडा म्हणणं बरोबर नाही.

मग तब्येतीला चांगलं कुठलं? दुधाच्या स्निग्धांशात कोलेस्टेरॉल असतं, वनस्पती तेलात ते नसतं, पण तेवढ्याने निकाल लागत नाही. संपृक्त चरबी दोन्हींकडे भरपूर असते. पामतेलात ती साधारण निम्मी, दुधाच्या स्निग्धांशात त्याहून जास्त आणि खोबरेल तेलात तर सगळ्यांत जास्त. साखर दोन्हींत जवळपास सारखीच. 'झिरो कोलेस्टेरॉल' असं ठळक छापलेलं दिसलं म्हणून मुलांना दुसरी वाटी द्यायची, असं नको. मी स्वतः दुधाचं आईस्क्रीम आणते ते चवीसाठी, आणि मुलांच्या जिभेला दुधाची चव कळावी म्हणून. पथ्य म्हणून नाही.

आता डबा कसा वाचायचा. पुढच्या बाजूला बघून काही कळत नाही, तिथे चवीचं नावच मोठं असतं. 'रॉयल', 'रिच', 'क्रीमी' हे शब्द कुणीही लिहू शकतं. डबा उलटा करा आणि घटकांची ओळ शोधा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिणं बंधनकारक आहे, म्हणून पहिली चार-पाच नावंच महत्त्वाची. तिथे 'मिल्क फॅट', 'क्रीम' किंवा 'बटर' असेल आणि तेलाचा उल्लेख नसेल, तर ते आईस्क्रीम. 'एडिबल व्हेजिटेबल ऑइल' किंवा 'व्हेजिटेबल फॅट' दिसलं, की ते फ्रोझन डेझर्ट. नुसतं 'मिल्क सॉलिड्स' वाचून निश्चिंत होऊ नका, ते दोन्हींत असतं, वर सांगितलंच. 412, 407, 471 असे आकडे बघूनही बिचकायला नको. 412 म्हणजे गवार गम, आपल्या गवारीच्या बियांचाच. हे पदार्थ बर्फाचे खडे होऊ देत नाहीत, आणि तेही दोन्हींत असतात.

वितळवून बघायची परीक्षा मी सोडून दिली आहे. अमुक वाटीतलं पटकन वितळलं म्हणून ते शुद्ध, असं बायका एकमेकींना सांगतात. पण वितळायचा वेग आत किती हवा आहे आणि गम किती घातला आहे, यावरही ठरतो. दुधाचं उत्तम आईस्क्रीमही बराच वेळ टिकून राहू शकतं. वाचणंच खात्रीचं.

हवेचा विषय निघालाच आहे तर डब्यावरचा आकडाही बघा. डब्यावर ठळक असतात ते मिलिलिटर. आईस्क्रीम घुसळताना त्यात हवा भरतात. ती नसेल तर दगडासारखा गोळा होईल, म्हणून हवा हवीच. नियम म्हणतो, एक लिटर आईस्क्रीमचं वजन किमान 525 ग्रॅम भरलं पाहिजे. म्हणजे लिटरच्या डब्यात जवळपास निम्मी हवा असली तरी ते कायद्यात बसतं. फ्रोझन डेझर्टलाही हाच आकडा आहे. त्यामुळे 'एकावर एक फ्री' बघताना दोन डबे हातात घ्या आणि वजनाचा अंदाज करा. ग्रॅम छापलेले असतील तर उत्तमच. सारख्या आकाराच्या दोन डब्यांपैकी जो जड लागेल, त्यात खायला जास्त मिळतं. समजा, 700 मिलीचा एक डबा 210 रुपयांना आहे आणि भरतो 370 ग्रॅम, दुसरा 240 रुपयांना आहे आणि भरतो 480 ग्रॅम. मिलीच्या भावाने पहिला स्वस्त, ग्रॅमच्या भावाने दुसरा. कुल्फीचं याउलट असतं. ती घुसळत नाहीत, आटवून साच्यात गोठवतात, म्हणून तिच्यात हवा जवळजवळ नसते. मुंबईत गिरगाव चौपाटीसमोर कुल्फी वजन करून देतात. मुलांना तो काटा जरूर दाखवा. दोन बोटं जाडीची कुल्फीची चकती आणि आईस्क्रीमचा मोठा गोळा यांचं वजन सारखं भरलं, की हवा म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही.

बाहेर खाताना मात्र डबा समोर नसतो. मस्तानी प्यायला गेलात तर वर घातलेला गोळा कसला, हे विचारायला लाजू नका. पुण्यातल्या जुन्या दुकानांना स्वतःच्या आईस्क्रीमचा अभिमान असतो, ती आनंदाने सांगतात. मॉलमधली सॉफ्टी, जत्रेतला कोन, वाढदिवसाच्या हॉलमधले कप इथे विचारायलाच हवं. केटररला तर आधीच, ताटाचा भाव ठरवताना विचारायचं: "दादा, आईस्क्रीम देणार की फ्रोझन डेझर्ट? कुठल्या कंपनीचं?" बारशाच्या किंवा मुंजीच्या मेन्यूकार्डावर सगळ्यालाच आईस्क्रीम लिहिलेलं असतं आणि भावही त्याचाच लावलेला असतो. घरपोच सामान आणणाऱ्या ॲपवरही दोन्ही एकाच शीर्षकाखाली दिसतात. तिथे उत्पादनाचं दुसरं-तिसरं छायाचित्र उघडलं की मागच्या बाजूची ओळ सापडते.

काहीही घेतलंत तरी ते बाजारहाटातलं शेवटचं काम ठेवा. भाजी, किराणा, मग दूध आणि अगदी निघताना हा डबा. वर्तमानपत्राच्या तीन-चार घड्यांत गुंडाळण्याची आपल्या आयांची रीत आजही कामाची आहे. झाकणाच्या आत बर्फाचा भुसा जमलेला असेल किंवा डबा एका बाजूने फुगून वाकडा झाला असेल, तर तो वितळून पुन्हा गोठलेला असण्याचा संभव मोठा. तो परत ठेवा, मग तो आईस्क्रीमचा असो की फ्रोझन डेझर्टचा.

एक तिसरी गोष्टही आहे, जिचा डबाच वाचावा लागत नाही: पॉटचं आईस्क्रीम. लाकडी बादली, मध्ये धातूचा डबा, वर फिरवायचा दांडा. उन्हाळ्यात गावोगावी हे पॉट भाड्याने मिळतात, आणि सुट्टीतल्या मुलांसाठी दीड-दोन तासांचा याहून चांगला उद्योग मला माहीत नाही. दोन लिटर फुल क्रीम दूध दीड लिटरपर्यंत आटवायचं, पाव किलोपेक्षा थोडी जास्त साखर घालायची आणि फ्रीजमध्ये पूर्ण गार करायचं. मग अर्धा किलो हापूसचा रस. बादलीत बर्फाचे तुकडे आणि खडेमीठ यांचे थर द्यायचे, चार भाग बर्फाला साधारण एक भाग मीठ. मीठ लागलं की बर्फ शून्याच्या खालच्या तापमानालाही वितळत राहतो आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता मधल्या डब्यातून ओढून घेतो. थोरल्या मुलांना थर्मामीटर द्या, काटा शून्याच्या बराच खाली जातो. खारं पाणी डब्याच्या झाकणापर्यंत चढू देऊ नका, नाहीतर सगळी मेहनत खारट होते. ते पाणी नंतर तुळशीच्या किंवा कुठल्याच झाडाच्या मुळाशी टाकू नका.

या घरच्या आईस्क्रीमचा मी एकदा हिशेब मांडला. फुल क्रीम दुधात 6 टक्के स्निग्धांश, म्हणजे दोन लिटरमध्ये साधारण 120 ग्रॅम. साखर आणि रस धरून मिश्रण सव्वादोन किलोच्या आसपास. टक्केवारी आली सव्वापाच-साडेपाच. म्हणजे सरकारी मोजमापाने आपलं घरचं, निव्वळ दुधाचं आईस्क्रीम 'मीडियम फॅट'मध्ये बसतं! फॅट किती आणि फॅट कशाचं, हे दोन निराळे प्रश्न आहेत, हे मला तेव्हा नीट उमगलं. 10 टक्क्यांचं फ्रोझन डेझर्ट यापेक्षा तुळतुळीत लागेल, पण दुधाच्या स्निग्धांशाची चव या साडेपाच टक्क्यांत आहे.

दांडा पहिली दहा मिनिटं धाकटीसुद्धा फिरवू शकते. मग तो जड होत जातो, मोठी मुलं पुढे येतात, आणि शेवटी बादली सरकू नये म्हणून तिच्यावर गोणपाट टाकून कुणाला तरी बसवावं लागतं. आमच्याकडे तो मान आजोबांचा. दांडा अजिबात फिरेनासा झाला की झालं. झाकण पुसून उघडायचं, आतली लाकडी फळी हळूच वर काढायची आणि तिला चिकटलेलं आईस्क्रीम, ज्याने सर्वांत जास्त वेळ दांडा फिरवला त्याला द्यायचं.