पाण्याखालची व्हिजिबिलिटी

पाण्याखाली डायव्हरला आडवं बघितलं तर किती लांबचं ओळखू येतं ते अंतर म्हणजे व्हिजिबिलिटी, मोजतात मीटरमध्ये. कोल्हापुरातनं लोक शनिवारी घाट उतरून मालवण-तारकर्लीला स्कूबा करायला जातात आणि रविवारी परत येताना निम्म्यांची तक्रार असते की काय दिसलंच नाही, सगळं हिरवं. बोटवाल्याला नावं ठेवून उपयोग नाही, बऱ्याचदा दिवसच चुकलेला असतो.

मुख्य कारण पाण्यात तरंगणारे बारीक कण, म्हणजे गाळ, वाळू, प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव). पावसाळ्यात पंचगंगेला तांबडं पाणी येतं तेव्हा कोकणातल्या नद्याही गढूळ असतात आणि त्या गाळ थेट समुद्रात नेऊन टाकतात, कर्ली नदी तर देवबागलाच समुद्राला मिळते. वर खवळलेला समुद्र, त्यामुळे त्या महिन्यांत तिकडं स्कूबा बंदच. पण पाऊस नसला म्हणून पाणी नितळ असेलच असं नाही, खतासारखी द्रव्यं पाण्यात वाढली की सूक्ष्म शेवाळ माजतं, रंकाळ्याचं पाणी हिरवं दिसतं ते यामुळंच.

मग भरती-ओहोटी, आणि हेच लोक बघत नाहीत. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाण्याला ओढ जास्त, तळ ढवळून निघतो, उलट अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे चढ-उतार कमी, पाणी त्यामानानं शांत. दिवसातली वेळ पण महत्त्वाची, खाडीच्या तोंडाजवळ भरती पूर्ण होत आली की बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं आणि ओहोटीला खाडीतलं गढूळ पाणी बाहेर येतं. म्हणून सुट्टी बघायच्या आधी कॅलेंडरवर तिथी बघावी.

तळ खडकाळ असेल तर ठीक, चिखल असेल तर पुढच्यानं फिन्स (पायातली रबरी वल्ही) जोरात मारले की मागच्याचं कल्याणच. अशा वेळी टॉर्च लावला तर अजून कमी दिसतं, गगनबावड्याच्या धुक्यात अप्पर मारल्यावर होतं तसं, उजेड कणांवर आपटून परत डोळ्यांतच येतो.

ऊन डोक्यावर असताना उजेड जास्त खोल जातो, तरी लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच फिका पडतो. किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात असलेल्या आंग्रिया बँकेवर (पाण्याखालचं प्रवाळाचं पठार) नद्यांचा गाळ पोचत नाही म्हणून तिथं पाणी मालवणपेक्षा खूपच स्वच्छ, लक्षद्वीपला तर चांगल्या दिवशी २०-३० मीटर सहज दिसतं. पारदर्शकता मोजायची जुनी पद्धत सेकी डिस्कची, १८६५ मध्ये इटलीच्या आंजेलो सेकीनं वापरलेली, पांढरी तबकडी दोरीनं खाली सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरी मोजायची, पण ती उभी खोली सांगते, डायव्हरला आडवं किती दिसेल ते नाही.