बर्नआउट (शर्यतीआधी चाकं जागीच फिरवून टायर तापवणं) जितका मोठा, तितकी पकड जास्त?

अमेरिकेत रोज रस्त्यावर चालवली जाणारी जुनी शेव्हेल किंवा मस्टँग गाडी घेऊन क्वार्टर माइलच्या ड्रॅग रेसच्या (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या) ट्रॅकवर आलेला नवखा आधी बर्नआउटसाठी ओल्या केलेल्या पट्ट्यात घुसतो, धुराचे लोट काढतो आणि मग स्टार्टला चाकं नुसती फिरत राहतात. ‘टायर जितके तापवाल, तितके चिकटतील’ हा समज स्लिक, म्हणजे शर्यतीच्या बिननक्षीच्या टायरवरून आलाय. तिथे तो बऱ्याच अंशी खरा आहे, कारण त्यांचं मऊ रबर तापल्यावरच चिकट होतं.

रस्त्यावरच्या साध्या रेडियल टायरचं रबर कडक असतं. जास्त तापलं की ते तुपासारखं निसरडं होतं. शिवाय नक्षीच्या खाचांत पाणी भरतं, मडगार्डच्या आत उडतं आणि नेमकं स्टार्टलाइनवर ठिबकतं. मागच्या गाडीवाल्याच्या शिव्या वेगळ्याच!

म्हणून पाण्याला वळसा घालून पुढे या, कोरड्या जागी दोन-तीन सेकंद चाकं फिरवा. खडी-धूळ निघाली की पुरे. लाइनलॉक (फक्त पुढचे ब्रेक धरून ठेवणारी सोय) नसेल तर हे आणखी थोडक्यात आटपा: ब्रेक दाबून चाकं फिरवताना मागचे ड्रम ब्रेकही घासून तापतात.

खरी पकड हवेच्या दाबात सापडते. ३२ पीएसआयवरून (हवेच्या दाबाचं एकक) दोन-दोनने उतरत २६ पर्यंत या आणि दर वेळी ट्रॅकवर मिळणाऱ्या वेळेच्या स्लिपवरचा (चिठ्ठीवरचा) पहिल्या ६० फुटांचा वेळ बघा. तो वाढायला लागला की एक पायरी मागे. घरी निघताना हवा परत भरायची, हे मात्र हमखास विसरलं जातं.