थायरॉइडच्या गोळीने थकवा वाढतो तेव्हा

थायरॉइडची गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांत बरे वाटण्याऐवजी अंगातले त्राणच गेले, उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते, अन्नावरची वासना उडाली, अशी तक्रार करणाऱ्या रुग्णाला बहुतेक वेळा ‘गोळी लागू पडायला वेळ लागतो’ असे उत्तर मिळते. पुष्कळदा ते खरेही असते. पण मोजक्या रुग्णांत या तक्रारींचे मूळ मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क, म्हणजे अ‍ॅड्रिनल, ग्रंथींमध्ये असते, आणि तिथे वाट पाहणे जिवावर बेतू शकते.

अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून पाझरणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तदाब आणि रक्तातली साखर सावरून धरते. यकृत त्याचे सतत विघटन करत असते आणि त्या विघटनाचा वेग थायरॉइडच्या संप्रेरकावर अवलंबून असतो. थायरॉइड मंदावली की कॉर्टिसॉलही सावकाश नष्ट होते, त्यामुळे आजारी अ‍ॅड्रिनल ग्रंथी जे थोडेथोडके कॉर्टिसॉल बनवतात त्यावर शरीर कसेबसे निभावून नेते. टाकीत पडणारी धार बारीक झाली, पण खालची तोटीही अर्धी बंद असल्याने पाण्याची पातळी टिकून राहिली, तसे हे आहे. थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्या संप्रेरकाची, गोळी ती तोटी उघडते. निरोगी माणसात मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला कॉर्टिसॉलची घट लगेच कळते, ती एसीटीएच हे संप्रेरक जास्त सोडते, अ‍ॅड्रिनल ग्रंथी उत्पादन वाढवतात आणि पातळी पुन्हा जुळते. ज्याच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी निकामी होत आल्या आहेत, त्याच्या शरीरात हा निरोप पोहोचतो खरा, पण धार वाढत नाही. थायरॉक्सिनचे रक्तातले अर्धायुष्य सुमारे ७ दिवसांचे असल्याने त्याची पातळी हळूहळू चढते. म्हणूनच ही घसरण पहिल्या दिवशी लक्षात येत नाही.

अ‍ॅड्रिनल ग्रंथींचा हा आजार टॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये वर्णन केला. त्याची एक खूण तळहातावर दिसते: रेषांमधली त्वचा काळवंडते, कधी हिरड्यांवरही डाग उमटतात. पिट्युटरी जिवाच्या आकांताने सोडत राहिलेले एसीटीएच त्वचेतील रंगपेशींनाही चेतवते, त्याचा हा परिणाम. शरीरातले मीठ लघवीवाटे निघून जात असल्याने खारट खाण्याची ओढ लागते. स्वतःच्याच ऊतींवर उलटलेली प्रतिकारशक्ती कित्येकदा थायरॉइड आणि अ‍ॅड्रिनल अशा दोन्ही ग्रंथींवर हल्ला करते, त्यामुळे हे दोन आजार एकाच माणसात आढळणे हा निव्वळ योगायोग नसतो.

याचा अर्थ प्रत्येक थकव्याला ‘अ‍ॅड्रिनल फटीग’ म्हणावे असा मुळीच नाही. ताणाने या ग्रंथी ‘दमतात’ या कल्पनेला शास्त्रीय आधार नाही, आणि त्या नावाखाली विकली जाणारी चूर्णे व गोळ्या खऱ्या निदानाला उशीर करतात, याचा मला मनापासून राग येतो. खरा आजार मोजता येतो. कॉर्टिसॉल पहाटेनंतर सर्वाधिक असते, म्हणून रक्त सकाळी ८ च्या सुमारास घेतात. शंका उरलीच तर कृत्रिम एसीटीएच टोचून ३० आणि ६० मिनिटांनी ग्रंथी कितपत प्रतिसाद देतात ते पाहतात.

दोन्ही आजार असल्यास आधी कॉर्टिसॉलची भरपाई करणारे स्टेरॉइड आणि मगच थायरॉक्सिन, हा क्रम डॉक्टर पाळतात. रुग्णाने मात्र कोणतीही गोळी आपल्या मनाने थांबवू नये. कॉर्टिसॉल एरवी पिट्युटरीच्या टीएसएच या, थायरॉइडला चालना देणाऱ्या, संप्रेरकालाही लगाम घालते, त्यामुळे ते कमी पडले की टीएसएच थोडे वाढलेले दिसू शकते. म्हणून स्टेरॉइड सुरू झाल्यानंतर टीएसएच पुन्हा तपासतात, आणि काही रुग्णांचे टीएसएच तेवढ्यानेच पूर्ववत होते.