उरलेली वॉलपेपर बॉर्डर, बडोद्याचा पावसाळा आणि बुटाच्या डब्यातली पुडी

आमच्याकडे बडोद्यात दिवाळीआधी रंगकाम निघालं की भिंतीच्या वरच्या कडेला नाहीतर मुलांच्या खोलीत कमरेच्या उंचीवर वॉलपेपरची बॉर्डर लावायची हौस बऱ्याच घरांत आहे, आणि ही बॉर्डर कधीच मापात संपत नाही. रोल साधारण पाच मीटरचा, खोलीचा घेर त्याच्या पटीत कसा येणार, मग एक रोल जास्तीचा आणायचा आणि त्यातला अर्धा उरतो. तो टाकायचा नसतो. पुढे कुठे पाइप गळला, कपाट सरकवताना भिंत खरचटली, तर जोड द्यायला हाच तुकडा लागतो. दुकानात तेच डिझाइन पुन्हा मिळालं तरी बॅच वेगळी असते आणि दोन बॅचच्या रंगात फरक असू शकतो, शेजारी शेजारी लावल्यावर तो लगेच डोळ्यात भरतो.

आता हा तुकडा ठेवायचा कसा? सध्या व्हॉट्सॅपवर एक मेसेज फिरतोय की बुटाच्या डब्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका, कागद-कपडे ठेवाल तिथे एकेक टाका, ओल शोषून घेतात. वाचायला बरोबर वाटतं, पण हिशोब करून बघितला तर यात काही दम नाही. आणि हा हिशोब इतका सुंदर आहे की तो सांगायलाच हा लेख लिहितोय.

कागद म्हणजे सेल्युलोजचे तंतू. सेल्युलोजच्या रेणूवर ठिकठिकाणी ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनचे) गट असतात आणि हवेतल्या पाण्याचे रेणू तिथे हायड्रोजन बंधाने, म्हणजे एका हलक्या ओढीने, चिकटतात. म्हणजे आपण ज्याला कोरडा कागद म्हणतो तो कोरडा नसतोच. हवेची सापेक्ष आर्द्रता (हवेत जास्तीत जास्त मावेल त्याच्या किती टक्के वाफ आहे तो आकडा) ५० टक्के असेल तर कागदात वजनाच्या साधारण ७ टक्के पाणी असतं, आर्द्रता ८० वर गेली की ते १२ टक्क्यांच्या आसपास जातं. हवा बदलली की कागद पाणी घेतो किंवा सोडतो आणि नव्या हवेशी जुळतो.

आता एक २० लिटरचा झाकणाचा डबा घ्या आणि त्यात अर्धा किलो उरलेल्या बॉर्डरी ठेवा (पीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा, थर असेल तर तो पाणी धरत नाही, तेव्हा कागदाचं वजन त्याहून कमी धरायचं, पण सोयीसाठी सगळा कागदच समजू). ३० अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते. म्हणजे २० लिटरमध्ये फार तर ०.६ ग्रॅम, आणि आर्द्रता ५० टक्के असेल तर ०.३ ग्रॅम. उलट तेवढ्याच आर्द्रतेला अर्धा किलो कागदात पाणी किती? ३५ ग्रॅम. शंभरपटीहून जास्त! म्हणजे बंद डब्यात हवा कागदाला ओला किंवा कोरडा करत नाही, कागदच हवेला स्वतःसारखी करून घेतो. डब्यातली आर्द्रता किती राहणार हे झाकण लावताना कागद कसा होता त्यावर ठरतं.

हे डोळ्याने बघता येतं. ऑनलाइन मिळतो तो छोटा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) घ्या आणि फेब्रुवारीत भरलेल्या डब्यात ठेवून द्या. मी ऑगस्टमध्ये बघितलं तेव्हा खोलीत ऐंशीच्या वर आकडा होता आणि डब्यातला पन्नाशीच्या आसपास स्थिर. झाकण उघडून आत जोरात श्वास सोडला की आकडा झरझर वर जातो, आणि झाकण लावून थोड्या वेळाने बघितलं तर हळूहळू खाली येत पुन्हा पहिल्या जागेजवळ. त्या श्वासातली वाफ कागदाने पिऊन टाकलेली असते आणि त्याच्या ३५ ग्रॅमपुढे ती नगण्य असते. मला हे बघताना दर वेळी तेवढीच मजा येते.

आता पुडीकडे. समजा तुम्ही बॉर्डर भर श्रावणात डब्यात भरली. कागदात साठेक ग्रॅम पाणी आहे, आणि ५० टक्क्यांच्या पातळीवर आणायला त्यातलं वीसेक ग्रॅम तरी काढायला हवं. पूर्ण सुकं सिलिका जेल त्या आर्द्रतेला स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव भाग पाणी धरतं, म्हणजे ऐंशी ग्रॅम जेल लागेल. बुटाच्या डब्यातली पुडी दोन-चार ग्रॅमची, आणि ती घरात महिनोन्‌महिने उघडी पडून आधीच पाणी पिऊन बसलेली. ती काहीही करणार नाही. ओला कागद बंद केलात तर ओल आत कोंडून ठेवलीत, इतकाच अर्थ. आर्द्रता ७० च्या वर टिकली की बुरशीला जगायला पुरतं, त्यात बॉर्डरच्या पाठीला वाळलेली खळ असेल तर खायलाही आयतं मिळतं.

म्हणून पॅक कशात करता यापेक्षा कधी करता हे महत्त्वाचं. बडोद्यात नोव्हेंबर ते मार्च हा चांगला काळ. बॉर्डर दोन दिवस पंख्याखाली सैल उघडी ठेवायची, उन्हात नाही, आणि मग कोरड्या दुपारी बंद करायची. मे महिन्याची दुपार टाळा, तेव्हा कागद इतका सुकतो की हाताळताना कडेला चिरतो. दोन दिवस देण्याचं आणखी एक कारण आहे, हिस्टेरेसिस. एकाच आर्द्रतेला, ओल्याकडून सुकत आलेला कागद सुक्याकडून ओला होत गेलेल्या कागदापेक्षा थोडं जास्त पाणी धरून ठेवतो, कारण तंतू सुकताना जी बंधनं आपापसात जुळतात ती पाणी परत आत शिरताना सहजी सुटत नाहीत, म्हणजे कागदाला आधी कुठून आला त्याची एक प्रकारची आठवण राहते. व्यवहारात एवढंच, की पावसाळा पाहिलेला कागद जरा जास्त वेळ सुकू द्यायचा.

बॉर्डर वेडीवाकडी का होते तेही याच पाण्यात आहे. सेल्युलोजचा तंतू ओला झाला की लांबीत जेमतेम वाढतो, जाडीत मात्र कितीतरी पट जास्त फुगतो. मशीनवर बनलेल्या कागदात बहुतेक तंतू रोलच्या लांबीच्या दिशेने लागलेले असतात, त्यामुळे बॉर्डर रुंदीत जास्त वाढते. आता पुढे पीव्हीसी, मागे कागद. कागद रुंद होतो, पीव्हीसी होत नाही, दोन्ही एकमेकांना चिकटलेले, मग पट्टी वळते, इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमधली दोन धातूंची पट्टी वळते तशी. दमट हवेत बॉर्डरच्या दोन्ही कडा छापील बाजूकडे उचलतात, सुकल्यावर उलट. रोल उघडा पडला असेल तर आणखी एक खूण दिसते. गुंडाळीच्या दोन्ही तोंडांना हवा लागते आणि मधल्या भागाला नाही, म्हणून कडा वाढू बघतात आणि मधला भाग त्यांना धरून ठेवतो, मग कडेला बारीक लाटा पडतात. तुकडा उजेडासमोर तिरका धरून बघा, मधे सपाट आणि कडेला घड्या-घड्या.

आणि घट्ट गुंडाळलेली बॉर्डर सरळ का होत नाही? पाव मिलिमीटर जाडीची पट्टी एक सेंटिमीटर त्रिज्येवर गुंडाळली तर तिची बाहेरची बाजू सव्वा टक्का ताणली जाते, चार सेंटिमीटर त्रिज्येवर फक्त ०.३ टक्के. ताण धरून ठेवला की पदार्थ हळूहळू त्या आकाराला शरण जातो; भाराखाली असं हळूहळू वाकत जाण्याला क्रीप म्हणतात. यात खरी गंमत १९६० साली ऑस्ट्रेलियातल्या आर्मस्ट्राँग आणि किंग्स्टन यांनी लाकडात दाखवली: भाराखालच्या लाकडातली ओल बदलत असेल तर ते कायम ओलं ठेवलेल्या लाकडापेक्षाही जास्त वाकतं. पुढे १९७२ मध्ये कागदातही हेच दिसलं. म्हणजे सतत ५५ टक्के आर्द्रतेपेक्षा दिवसा ४० आणि रात्री ७५ असा झोका वाईट, आणि गच्चीखालच्या माळ्यावर नेमका तोच झोका मिळतो. म्हणून जाड नळीवर, निदान आठ सेंटिमीटर व्यासाच्या, सैलसर गुंडाळा, आणि मिळाली तेव्हा डिझाइन ज्या बाजूला होतं तेच ठेवा. बॉर्डर थोडीच असेल तर डब्यातली रिकामी जागा सुक्या कोऱ्या कागदाने किंवा जुन्या सुती धोतराच्या तुकड्याने भरा, सूतही सेल्युलोजच, तेही पाण्याचा साठा म्हणून काम करतं. वर्तमानपत्र नको, त्यात लिग्निन (लाकडातले तंतू बांधून ठेवणारं द्रव्य) असतं, पिवळं पडतं आणि आम्लही सोडतं.

पातळ कॅरीबॅगेतून वाफ हळूहळू आत झिरपते, चार महिन्यांत बऱ्यापैकी, त्यामुळे घट्ट झाकणाचा डबा किंवा जाड प्लास्टिकच घ्या. रबरबँड लावू नका, तो चिकट होऊन छाप सोडतो. माळ्यापेक्षा आतल्या भिंतीच्या कपाटातला खालचा कप्पा बरा. उष्णतेत पीव्हीसी मऊ राखायला घातलेलं रसायन बाहेर येऊ लागतं आणि मागे गोंद लावूनच येणाऱ्या चिकट बॉर्डरचा गोंदही सैल पडतो. त्या बॉर्डरची पाठीमागची सिलिकॉनचा थर दिलेली पट्टी काढायची नाही.

जाता जाता कीटकांचं. कसर खळीवर आणि ओलीवर येते, तेव्हा ओल गेली की निम्मं काम झालं. डांबरगोळ्या ओल शोषत नाहीत आणि त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं, बॉर्डरच्या डब्यात नकोतच. मोरपीस ठेवल्याने काहीही होत नाही. पोथ्या लाल फडक्यात बांधायची आपली पद्धत चांगलीच, पण लाल रंगाला किडे घाबरतात हे खरं नाही, फायदा फडक्याचा आणि घट्ट गाठीचा आहे. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लिहून नकलणारे पोथीच्या तोंडून विनवायचे की मला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून जपा. आपल्या बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरात (ओरिएंटल इन्स्टिट्यूटमध्ये) हजारो हस्तलिखितं आहेत, ती एवढी वर्षं टिकली त्यामागे अशी अनुभवातून आलेली शिस्त आहे, ताईत किंवा मंत्र नाही.

डबा बंद करण्याआधी रोलचं लेबल, म्हणजे बॅच नंबर आणि डिझाइन नंबर, पेन्सिलने एका कागदावर उतरवून आत टाका. एक छोटा तुकडा मात्र डब्यात न ठेवता त्याच खोलीत, भिंतीइतकाच उजेड मिळेल असा लावून ठेवा. भिंतीवरची बॉर्डर उजेडाने फिकी होत जाते, डब्यातली नवीकोरी राहते, आणि चार वर्षांनी जोड द्यायची वेळ आली की या तुकड्याचा रंग भिंतीशी डब्यातल्यापेक्षा जास्त जुळेल. लावायच्या आदल्या दिवशी डबा उघडून रोल त्या खोलीत पसरून ठेवायचा, खोलीच्या हवेशी कागद जुळला की मगच गोंद.