रायफलचा धक्का: आधी माप, मग पॅड

(परवानाधारक ग्राहकांसाठी)

.३१५ बोअरची रायफल घेऊन गेलेले ग्राहक महिन्याभरात परत येतात आणि म्हणतात, "खांदा निखळायची वेळ आली, चांगलं जाड रबर लावून द्या." रबराचं हे पॅड आम्ही लावून देतोच. पण त्याआधी रायफल तुमच्या अंगाला बसते का, ते आम्हाला बघू द्या.

गोळी आणि तिच्यामागचा वायू पुढे सुटतो, तेवढाच रेटा रायफलला मागे बसतो. तो थांबवता येत नाही. पण रायफल जड असली की ती सावकाश मागे येते. साडेतीन किलोची रायफल चार किलोची झाली, तर त्याच काडतुसाला धक्क्याची ऊर्जा आठव्या हिश्शाने कमी होते. दुकानात हातात हलकी वाटणारी रायफल रेंजवर जास्त लागते ती यामुळे.

आता मापाचं. वन्यजीव कायद्याखाली शिकार बंद आहे, त्यामुळे आमच्याकडे रायफल आणणारे बरेचजण पीक राखणारे शेतकरी. रानडुकरांसाठी वन विभागाची परवानगी घेतलेले असे एकजण गेल्या थंडीत आले. काळानिळा डाग खांद्यावर नव्हता, दंडावर होता. रायफल वडिलांची, वडील उंच. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा लाकडी भाग, लांब पडत होता, म्हणून तो खांद्याच्या खोबणीत न बसता बाहेर दंडावर सरकायचा. त्यावर नुसतं पॅड लावलं असतं तर दस्ता आणखी लांब झाला असता! आम्ही साडेतीन सेंटिमीटर लाकूड कापलं आणि दोन सेंटिमीटरचं पॅड बसवलं. दस्ता आखूड असला तर उलटा त्रास: अंगठा नाकावर येतो, दुर्बीण भुवई फोडते. रात्री राखणीला जे जाड जाकीट घालता, तेच घालून मापाला या. जाकिटाची जाडीही मापात धरावी लागते.

रायफल धरताना दस्ता हासळीच्या हाडावर नको, दंडावरही नको. मधल्या मऊ खोबणीत घट्ट ओढून घ्या. सैल धरली की ती आधी वेग घेते आणि मग आदळते. टेबलावर बसून नेम तपासताना धक्का जास्त जाणवतो, कारण उभ्याने शरीर मागे झुलतं, बसल्यावर झुलायला जागा नसते. तेव्हा खांदा आणि दस्ता यांच्यामध्ये घडी केलेला टॉवेल ठेवा. एका बैठकीत दहा-बारा गोळ्या पुरेत.

खांद्यापेक्षा जास्त घाबरतो तो कान, हे आम्ही रेंजवर पुन्हा पुन्हा पाहतो. आवाजाच्या धास्तीने डोळे मिटतात, चाप हिसकला जातो आणि गोळी खाली जाते. कानात बोळे, वरून इअरमफ, दोन्ही वापरा. मग सोबत्याला तुमच्या नकळत मॅगझिनमध्ये एखादं डमी, म्हणजे न उडणारं, काडतूस मिसळायला सांगा. डमीवर चाप ओढल्यावर नळीचं तोंड खाली झुकलं, तर दोष रायफलचा नाही. झुकणं थांबेपर्यंत हाच सराव करा.

नळीच्या तोंडाला बसणारा ब्रेक धक्का खरंच कमी करतो, पण आवाज वाढवतो. म्हणून नवख्या माणसाला आम्ही तो सुचवत नाही.

मापासाठी अर्धा तास लागतो. रायफल रिकामी करून, कव्हरमध्ये घालून, मूळ परवान्यासह आणा. काडतुसं घरीच ठेवा.